दुसरी चावी कोणाकडे?



आजचं वाचन आहे भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायातला बाविसावा श्लोक. अनन्यभावाने चिंतन करणाऱ्या भक्तांच्या योगक्षेमाची जबाबदारी भगवंत स्वतःकडे घेतात, तो हा श्लोक. एलआयसीच्या चिन्हाखालचे शब्द याच श्लोकातले आहेत, त्यामुळे न वाचताही आपल्यापैकी बहुतेकांनी ते पाहिलेले असतात.

आणि आजचा विषय आहे मोटरसायकलची डुप्लिकेट चावी! हसू नका. गेल्या रविवारी सत्संगानंतर आमच्या काही मंडळींचं अष्टविनायकाच्या राइडचं ठरत होतं. पंक्चर किट कोण घेणार, रेनकोट, टूलकिट, सगळी यादी झाली. मी विचारलं, "डुप्लिकेट चाव्यांचं काय?" एक जण पटकन म्हणाला, "अरे दादा, बाप्पाकडेच तर चाललोय. तो बघून घेईल ना!"

सगळे हसले, मीही हसलो. पण प्रश्न खरा आहे. तो बघून घेणार असेल तर आपण किती बघायचं?

योग वेगळा, क्षेम वेगळा

जुन्या भाष्यकारांनी 'योगक्षेम' हा शब्द फोडून समजावला आहे. योग म्हणजे जे आपल्याकडे नाही ते मिळणं. क्षेम म्हणजे जे मिळालं आहे ते सांभाळलं जाणं. नोकरी लागली हा योग, ती टिकली हा क्षेम. गाडी घेतली हा योग, ती सुखरूप घरी आली हा क्षेम.

आता एक साधी गोष्ट बघा. नवी मोटरसायकल घेताना शोरूमवाला बहुधा दोन चाव्या हातात देतो. म्हणजे क्षेमाची सोय पहिल्याच दिवशी आपल्याला मिळालेली असते. आपण त्यातली एक घरच्या ड्रॉवरमध्ये टाकतो आणि दुसरी घेऊन दोनशे किलोमीटर लांब जातो. देवाने काही द्यायचं राहिलेलं नाही. दिलेलं आपण वापरलेलं नाही. दासबोधात समर्थ सावधपणावर आणि यत्नावर पुन्हा पुन्हा का भर देतात, ते अशा छोट्या गोष्टींत नीट कळतं. भक्ती आणि निष्काळजीपणा यांची गल्लत त्यांना चालत नाही.

एका चावीवर किती काय अवलंबून आहे

बहुतेक गाड्यांवर इग्निशन, हँडल लॉक, पेट्रोलच्या टाकीचं झाकण आणि सीट हे सगळं एकाच चावीने उघडतं. चावी गेली की गाडी नुसती सुरू होत नाही एवढंच नाही. हँडल लॉक असेल तर ढकलत नेता येत नाही. पेट्रोल भरता येत नाही. सीटखालची कागदपत्रं आणि टूलकिटही आतच राहतं.

अष्टविनायकाच्या वाटेवर तर चावी हरवायच्या जागा ठरलेल्या आहेत. मोरगाव, सिद्धटेक, पाली, महड, थेऊर, लेण्याद्री, ओझर, रांजणगाव. प्रत्येक ठिकाणी गाडी लावायची, चावी काढायची, बूट काढायचे, हातात दूर्वा-हार घ्यायचे. सिद्धटेकला भीमेवर पाय धुवायला खाली वाकायचं. लेण्याद्रीला पायऱ्या चढायच्या, आणि तिथली माकडं हातातली पिशवी ओढतात ती वेगळीच. जेवणाचे, चहाचे थांबे धरले तर दोन दिवसांत पंचवीस-तीस वेळा चावी खिशात जाते आणि बाहेर येते. मोबाइल काढताना सोबत बाहेर पडायला तिला एकच वेळ पुरते.

हरवल्यावर पुढे काय होतं

साधी धातूची चावी असेल तर तालुक्याच्या बाजारात चावीवाला मिळू शकतो. तो कुलूप बघून नवी चावी घासून देतो. पण त्याला गाडीपर्यंत आणावं लागतं, किंवा गाडी टेम्पोत घालून त्याच्यापर्यंत न्यावी लागते. संध्याकाळी सात वाजता, आडगावात, हे बोलायला सोपं आहे.

गाडीला इमोबिलायझर असेल तर हाही रस्ता बंद. अशा चावीच्या डोक्यात बारीक चिप असते. गाडीचा कॉम्प्युटर त्या चिपचा कोड ओळखतो, मगच इंजिन सुरू होऊ देतो. चावीवाल्याने हुबेहूब दाते कापून दिले तरी कुलूप फिरेल, इंजिन सुरू होणार नाही. मग नवी चावी मागवून गाडीशी जोडून घ्यावी लागते आणि ते काम एका दुपारचं नसतं.

आणि यात खरं नुकसान पैशांचं नाही. आमच्या एका राइडमध्ये एकाची चावी नदीकाठी पडली. घाटाच्या पायऱ्यांवर, चपलांच्या ढिगात, चहाच्या टपरीवर सगळ्यांनी शोधली. दोन तास गेले. आमच्यात एक मैत्रीण होती, तिने आईच्या ऑपरेशनच्या आधी आठही ठिकाणी दर्शन घ्यायचं ठरवलं होतं. त्या दिवशीची दोन दर्शनं राहिली. ती कोणाला एका शब्दाने बोलली नाही. तेव्हापासून मी चावीकडे एकट्याची वस्तू म्हणून पाहत नाही. हरवते एकाची, थांबतात सगळे.

सोबत आहे, पण कुठे?

आता मुख्य मुद्दा. "दादा, मी डुप्लिकेट सोबत ठेवतो," असं बरेच जण सांगतात. मी विचारतो, "कुठे?"

"त्याच किचेनला." मग एक हरवली की दोन्ही हरवल्या. चिपची चावी असेल तर आणखी एक अडचण आहे. दोन चिप जवळजवळ असल्या की सिग्नलमध्ये गोंधळ होऊ शकतो, म्हणून दुसरी चिपची चावी त्याच किचेनला लावू नये.

"त्याच बॅगेत." बॅग राहिली, चोरीला गेली किंवा माकडाने नेली की दोन्ही गेल्या.

"सीटखाली." सीट उघडायला चावी कुठून आणणार?

"गाडीलाच, मडगार्डच्या आत टेपने चिकटवून." ही जागा आपल्याला जशी सुचली तशी चोरालाही सुचते. खड्ड्यांच्या रस्त्यावर टेप सुटतो तो वेगळा.

म्हणून नियम एवढाच: जे एकत्र राहतं ते एकत्रच हरवतं. दुसरी चावी दुसऱ्याकडे द्या.

ग्रुपमध्ये असाल तर जोड्या करा. माझी डुप्लिकेट तुझ्याकडे, तुझी माझ्याकडे. शक्यतो वेगळ्या गाडीवरच्या माणसाकडे, कारण मागे बसणारा आणि चालवणारा बऱ्याचदा एकाच जागी बॅगा ठेवतात. एकटे जात असाल तर पहिली चावी जॅकेटच्या चेनच्या खिशात आणि दुसरी अंगावरच्या पाऊचमध्ये. जॅकेट काढून ठेवलं तरी पाऊच अंगावर राहतो.

निघण्याच्या आदल्या दिवशी डुप्लिकेट चावीने गाडी खरोखर सुरू करून बघा. टाकीचं झाकण आणि सीटही उघडून बघा. कधीच न वापरलेली चावी कधी कधी कुलपात अडते, आणि ते घरी कळलेलं बरं. स्मार्ट की असेल तर तिच्यातला बटण सेल किती जुना आहे ते पाहा. चावीसोबत मिळालेल्या छोट्या टॅगवरचा नंबर घरी लिहून ठेवा, नवी चावी करताना तो उपयोगी पडतो.

आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. गाडी चोरीला गेली तर विम्याचा दावा करताना कंपनी साधारणपणे दोन्ही मूळ चाव्या मागते. एक चावी गाडीतच लपवलेली असेल आणि ती गाडीबरोबर गेली, तर उत्तरं देताना नाकी नऊ येतात. म्हणून चावी खरोखर हरवली तर ते पोलिसांत आणि विमा कंपनीला वेळेवर कळवून ठेवावं.

चावी दुसऱ्याला देणं ही पण साधना

हे सगळं ऐकून एका मुलाने विचारलं होतं, "दुसऱ्याकडे का द्यायची? मी नीट सांभाळतो की." त्यात एक बारीक अहंकार आहे, तो आपल्या सगळ्यांत असतो. माझं मी बघतो. मला कोणाची गरज नाही. मग भजनात शरणागती म्हणायची आणि एक चावी शेजारच्याच्या हातात द्यायला मन तयार नाही, असं होतं.

चावी देताना आपण म्हणतो, मीही विसरू शकतो, तेव्हा तू आहेस. आणि घेणाऱ्याकडे ती ठेव असते. आपल्याकडे दुसऱ्याची ठेव स्वतःच्या वस्तूपेक्षा जास्त जपायची रीत आहे. राइडमध्ये अशा चार जोड्या झाल्या की कोणी पुढे सुसाट निघून जात नाही, कारण मागच्याची चावी आपल्या खिशात आहे हे लक्षात राहतं. संगत यालाच म्हणतात ना? मला वाटतं, भगवंत क्षेम चालवतो तो बऱ्याचदा अशा शेजारच्या माणसाच्या हाताने.

आता शेवटचं. दर्शनाच्या रांगेत स्वतःला बघा. गाभारा जवळ येतो आणि हात आपोआप खिशाकडे जातो. चावी आहे ना? मोबाइल आहे ना? मूर्तीसमोर उभं राहायला जेमतेम काही क्षण मिळतात, आणि त्यातला अर्धा वेळ मन पार्किंगमध्ये असतं. तयारी केल्याने श्रद्धा कमी होते, हा गैरसमज आहे. खात्रीने एक चावी मित्राकडे दिलेली असली की हात खिशाकडे न जाता जोडलेले राहतात. सावधपण आधी, म्हणजे दर्शनाच्या वेळी मन मोकळं.

आजचा नेम

१. घरातली दुसरी चावी आज शोधून काढा आणि तिने गाडी सुरू करून बघा.

२. पुढच्या राइडला ती कोणाकडे द्यायची ते आजच ठरवा आणि त्या माणसाला तसं सांगा.

३. झोपण्यापूर्वी पाच मिनिटं शांत बसून आठवा: आपल्याला मिळालेल्या कोणत्या गोष्टीचा सांभाळ आपण 'देव बघेल' म्हणून सोडून दिला आहे? तब्येत असेल, अभ्यास असेल, एखादं नातं असेल. एकच निवडा आणि उद्या तिच्यासाठी एक छोटी गोष्ट करा.

बाप्पा, दिलेलं जपायची बुद्धी दे, आणि जपायला सोबत दे.

मंगलमूर्ती मोरया!