आजचं चिंतन : अर्जुनाने पुन्हा सांगितलं
वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय 2, श्लोक 1 ते 11



पहिल्या अध्यायात अर्जुन आपली अवस्था शरीरापासून सांगतो. तोंडाला कोरड पडलीय, अंग थरथरतंय, हातातून गांडीव निसटतंय. त्यावर भगवंत आधी काय म्हणतात? ही दुर्बलता सोड आणि ऊठ!

अर्जुन लगेच उठला नाही. पण तो गप्पही बसला नाही. चौथ्या श्लोकापासून त्याने पुन्हा मन मोकळं केलं आणि सातव्यात सरळ मदत मागितली : मला काही कळेनासं झालंय, मी शरण आलोय, मला शिकव. गीतेचा उपदेश सुरू होतो तो त्यानंतर, अकराव्या श्लोकात.

आपल्यापैकी कितीतरी जण मात्र पहिल्याच उत्तरापाशी थांबतात. झोप उडालीय, अभ्यासात लक्ष नाही, कारण नसताना रडू येतंय. धीर करून घरी सांगावं तर ऐकायला मिळतं, "मोबाईल कमी कर." सत्संगात कुणी म्हणतं, "नामस्मरण वाढव, होईल बरं." बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण सांगणारा मनाशी ठरवून टाकतो, आता कुणालाच सांगायचं नाही. आणि त्यातच दिवस जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार, मोठेपणीच्या निम्म्या मानसिक आजारांची सुरुवात वयाच्या 18 वर्षांपर्यंत झालेली असते.

डॉक्टरकडे जाणं म्हणजे श्रद्धा कमी पडणं नव्हे. ताप आला की आपण गोळीही घेतो आणि रामरक्षाही म्हणतो. मनालाही तोच नियम.

आजचा अभ्यास :

1. दोन आठवडे त्रास हटत नसेल तर दुसऱ्या कुणाला तरी सांगा : मावशी, कॉलेजचे सर, फॅमिली डॉक्टर. पहिल्या समुपदेशकाशी सूर जुळला नाही, तर दुसरा शोधा.

2. सरकारची टेलिमानस सेवा 14416 या नंबरवर 24 तास, मोफत आहे. मराठीतही बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर उद्यावर ढकलू नका. आत्ताच फोन करा आणि जवळच्या माणसाला सोबत बसवा.

3. मित्र सांगत असेल तर उपदेश नंतर. आधी त्याचं पूर्ण ऐका.

हे माधवा, मला पुन्हा सांगण्याचं बळ दे, आणि दुसऱ्याचं ऐकताना धीर दे.

।। श्रीकृष्णार्पणमस्तु ।।