छत्तीस अक्षरे

कॉकेशस पर्वताच्या दक्षिणेस आर्मेनिया नावाचा एक चिमुकला, डोंगराळ देश आहे. परंपरेनुसार इ. स. ३०१ मध्ये तेथील राजा त्रदात याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला व तोच राज्याचा धर्म ठरविला. ज्या ग्रेगरी नावाच्या साधुपुरुषामुळे हे घडले, त्यालाच या राजाने पूर्वी तेरा वर्षे एका खोल विवरात कोंडून ठेवले होते, असे आर्मेनियन लोक सांगतात.

राजाने धर्म स्वीकारला खरा. परंतु प्रजेला तो कितपत उमगला? आर्मेनियन भाषेला स्वतःची लिपी नव्हती. चर्चमध्ये धर्मग्रंथ ग्रीक किंवा सिरियाक भाषेत वाचला जाई. भोळी माणसे हात जोडून ऐकत; दुभाषी जो अर्थ सांगेल, तेवढाच त्यांच्या पदरी पडे. त्यातच ३८७ च्या सुमारास रोमन व इराणी साम्राज्यांनी हा देश आपसांत वाटून घेतला. आता आपली भाषा व आपले लोकही या दोन साम्राज्यांत विरघळून जाणार की काय, अशी चिंता जाणत्यांना वाटू लागली.

मेस्रोप माश्तोत्स हा पूर्वी राजदरबारी सेवेत होता. पुढे तो संन्यासी झाला. धर्माध्यक्ष साहाक यांच्या पाठिंब्याने त्याने ४०५ च्या सुमारास छत्तीस अक्षरांची लिपी सिद्ध केली. लगोलग शाळा निघाल्या, शिष्य परदेशी ग्रंथ आणावयास गेले आणि बायबल आर्मेनियन भाषेत उतरले. ४२८ मध्ये राजघराणे संपुष्टात आले. इराणच्या बादशहाने धर्म बदलण्याची सक्ती केली, तेव्हा ४५१ मध्ये सेनापती वर्दान आवारायरच्या रणांगणावर धारातीर्थी पडला. तथापि लोकांनी झुंज सोडली नाही, आणि ४८४ मध्ये त्यांना आपल्या धर्माने वागण्याची मोकळीक मिळाली.

पुढे हे लोक व्यापारानिमित्त दूरदूर पसरले. पण जेथे जात तेथे चर्च बांधीत आणि ही अक्षरे सोबत नेत. जगातील पहिले आर्मेनियन नियतकालिक १७९४ मध्ये निघाले, ते आपल्या मद्रास शहरात! त्याचा संपादक एक धर्मोपदेशकच होता.

१९१५ मध्ये तुर्की साम्राज्यात आर्मेनियन लोकांचा भीषण संहार झाला. त्या वेळी मूश गावाजवळच्या एका मठात कातड्याच्या पानांवर लिहिलेली, सातशे वर्षांची जुनी पोथी होती. तिचे वजन अठ्ठावीस किलोच्या आसपास! जीव घेऊन पळणाऱ्या दोन स्त्रियांना ती दिसली. एकटीला ती उचलणे अशक्य होते, म्हणून त्यांनी तिचे दोन भाग केले व एकेक भाग पाठीवर घेतला, असे सांगतात. एक स्त्री चालत चालत एच्मियाद्झिनच्या धर्मपीठापाशी पोहोचली. दुसरी वाटेतच मरण पावली. मात्र त्यापूर्वी तिने आपला भाग एका मठाच्या आवारात पुरून ठेवला होता. काही काळाने तोही सापडला. आज पोथीचे दोन्ही भाग येरेवान शहरातील मातेनादारान या ग्रंथालयात आहेत, आणि त्याच्या दाराशी माश्तोत्सचा पुतळा उभा आहे.