हरभऱ्याचा रोल: डब्यासाठी आणि विक्रीसाठी

तायांनो, फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा घरात येतो. पोती बाजारात जातात, अन् लेकरं दुकानातून पाच रुपयांचं चटपटीत पाकीट आणतात. त्याच हरभऱ्याचा पोळीत गुंडाळलेला रोल केला तर डबाही होतो आणि गटाला विकताही येतो.

आठ रोलसाठी 200 ग्रॅम गावरान हरभरा घ्या, काबुलीच पाहिजे असं नाही. रात्री भरपूर पाण्यात भिजवा. सकाळी ते पाणी टाकून द्या, त्याने पोट फुगायचं कमी होतं. नव्या पाण्यात मीठ घालून कुकरला पाच-सहा शिट्ट्या द्या. बोअरचं पाणी जड असेल तर दोन जास्त. सोडा घालू नका, दाणा मऊ पडतो पण त्यातलं ब जीवनसत्त्व जातं. शिजवलेलं पाणी मात्र फेकू नका, वरणात जिरवा.

आता खरी मेख सारणात आहे. ते ओलं राहिलं की पोळी भिजते आणि डबा उघडेपर्यंत लगदा होतो. अर्धे दाणे ठेचा, अर्धे अख्खे राहू द्या. तेलात जिरं, दोन कांदे, आलं-लसूण, हळद, तिखट, धणेपूड परतून हरभरा टाका आणि सराट्याने हलवत राहा. सारण कढईला चिकटायचं सोडून गोळा व्हायला लागलं की उतरवा. डब्यासाठी असेल तर पूर्ण थंड झाल्यावरच भरा.

साधारण 350 ग्रॅम गव्हाच्या पिठाच्या आठ मऊ पोळ्या करा, कडक भाजू नका. सारण मधोमध लांबट पसरा, खालची कड दुमडा, मग बाजूने गुंडाळा. सांभार आणि लिंबू खाताना घाला. लिंबामुळे हरभऱ्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. त्यावर लगेच चहा घेतला तर तेच लोह कमी मिळतं, आणि ही सवय आपल्या सगळ्यांचीच आहे!

विकायचं ठरवलं तर हिशेब नीट मांडा. बैठकीत हमखास ऐकू येतं, "हरभरा तर घरचाच आहे." घरचा म्हणून फुकट धरू नका. 2025-26 च्या खरेदी हंगामाचा हमीभाव क्विंटलला 5650 रुपये होता. म्हणजे 200 ग्रॅमचे 11 रुपये 30 पैसे. गहू, तेल, कांदा, गॅस, कागद यांचे आपल्या गावचे भाव त्यात मिळवा. दोन बायांचा दीड तास गेला तर त्याची मजुरीही लिहा. ही बेरीज भागिले आठ, त्याच्या खाली भाव सांगायचा नाही, गिऱ्हाईक ओळखीचं असलं तरी.

उन्हाळ्यात रोल आधी भरून ठेवू नका. सारण गरम ठेवा, मागणी आली की भरा, उरलेलं दुसऱ्या दिवशी विकू नका. नियमित विक्रीसाठी 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे नोंदणी लागते. पहिल्या बाजाराला आठ-दहाच न्या आणि किती खपले ते गटाच्या वहीत त्याच दिवशी लिहा.