बागायतीचे हिशेब आणि पायथन भाषेचा सामुदायिक अभ्यास

वेंगुर्ले तालुक्यातील बागायतदाराचे वर्ष हिशेबाने बांधलेले असते. मृग लागण्यापूर्वी काजूची किती कलमे मागवावयाची, खताच्या किती गोणी आणावयाच्या, बी विकून झाल्यावर मजुरी वजा जाता हाती काय उरले, हे सर्व त्याला आधी मांडावे लागते. हिशेबात झालेली चूक वहीतच राहत नाही, ती जमिनीत उतरते. भाताच्या बाबतीत ती एका हंगामात निस्तरता येते. काजू किंवा आंबा यांच्या बाबतीत मात्र तिचा परिणाम अनेक वर्षे भोगावा लागतो.

असे हिशेब संगणकाकडून करून घेता येतात. त्यासाठी संगणकास समजेल अशा भाषेत क्रमवार सूचना द्याव्या लागतात. अशा सूचनांच्या मालिकेस आज्ञावली म्हणतात. आज्ञावली लिहिण्याची विद्या शहरातील अभियंत्यांपुरतीच आहे, असा समज खेड्यापाड्यांत आढळतो. परंतु तो बरोबर नाही. गावपातळीवरील कार्यकर्ते व होतकरू शेतकरी यांनी एकत्र बसून अभ्यास केल्यास ती त्यांनाही साध्य होण्यासारखी आहे. हा अभ्यास कोणत्या रीतीने करावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पायथन भाषेचा परिचय

नवशिक्यास सोप्या अशा भाषांत पायथन ही प्रमुख होय. नेदरलँड्समधील गुइडो व्हॅन रॉसम यांनी १९८९ च्या अखेरीस ॲमस्टरडॅम येथील एका संशोधन संस्थेत असताना तिच्या रचनेस आरंभ केला आणि १९९१ मध्ये ती लोकांसाठी खुली केली. सतराव्या शतकात ज्या देशाच्या व्यापाऱ्यांनी वेंगुर्ल्यास वखार घातली, त्याच देशाची ही निर्मिती आहे. भाषेचे नाव अजगरावरून पडलेले नसून एका विनोदी ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेवरून घेतलेले आहे. ती विनामूल्य मिळते व साध्या संगणकावरही चालते.

२००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या तिसऱ्या आवृत्तीपासून आज्ञावलीतील राशींना देवनागरीत नावे देता येतात. 'गुंठे', 'अंतर', 'रोपे' ही नावे तिला चालतात. भाषेचे मूळ शब्द मात्र रोमन लिपीत आणि आज्ञावलीतील आकडे इंग्रजी पद्धतीने टंकावे लागतात. या लेखात वाचकांच्या सोयीसाठी मूळ शब्दांचे उच्चार व मराठी आकडे दिले आहेत, हे लक्षात ठेवावे.

पहिली आज्ञावली

समजा, एका शेतकऱ्याकडे ३० गुंठे वरकस जमीन आहे व तीत ७ मीटर अंतरावर काजूची कलमे लावावयाची आहेत. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१.१७ चौरस मीटर. एका कलमास ७ गुणिले ७, म्हणजे ४९ चौरस मीटर जागा लागते. हा हिशेब पायथन भाषेत पुढीलप्रमाणे मांडता येतो:

गुंठे = ३०
क्षेत्र = गुंठे * १०१.१७
अंतर = ७
रोपे = क्षेत्र // (अंतर * अंतर)
प्रिंट(रोपे)

तारेचे चिन्ह गुणाकाराचे आहे. दोन तिरप्या रेघांनी भागाकार होतो व अपूर्णांक सोडून दिला जातो. 'प्रिंट' या शब्दाने उत्तर पडद्यावर येते. येथे उत्तर ६१.० असे मिळेल. एकच तिरपी रेघ दिली असती तर ६१.९४ हे उत्तर आले असते, आणि ते ६२ समजून कलमे आणली असती तर शेवटच्या कलमास पुरेशी जागा उरली नसती. क्षेत्र किंवा अंतर बदलले की तेवढाच आकडा बदलावा. बाकीच्या ओळी तशाच राहतात. एकदा नीट लिहिलेली आज्ञावली साऱ्या गावास उपयोगी पडते, ती या कारणाने.

चुकांचे तीन प्रकार

नवशिक्याच्या चुका साधारणतः तीन प्रकारच्या असतात. त्यांतील भेद ओळखणे हाच या अभ्यासाचा गाभा आहे.

पहिल्या प्रकारची चूक यंत्र स्वतःच दाखवून देते. 'गुंठे' या नावाऐवजी पुढील ओळीत 'गुंठा' असे लिहिले गेले, तर यंत्र थांबते आणि 'नेम एरर' असा संदेश देते. आकडे देवनागरीत टंकले किंवा कंस उघडा राहिला, तर 'सिंटॅक्स एरर' येतो. ओळीच्या आरंभी सोडलेल्या जागेस या भाषेत अर्थ असतो. ती चुकल्यास 'इंडेंटेशन एरर' येतो. अशा संदेशांना भिण्याचे कारण नाही. त्यांची शेवटची ओळ प्रथम वाचावी. चूक कोणत्या जातीची आहे हे तीत असते, आणि कोणत्या ओळीत आहे हे तिच्या वरच्या भागात सापडते.

दुसऱ्या प्रकारात यंत्र तक्रार करीत नाही, पण उत्तर हास्यास्पद येते. वरील आज्ञावलीतील कंस गाळला तर यंत्र क्षेत्रास आधी ७ ने भागते व आलेल्या उत्तरास पुन्हा ७ ने गुणते. मग ३० गुंठ्यांत ३,०३१ कलमे लावावी, असे उत्तर मिळते. त्याचप्रमाणे 'इनपुट' या शब्दाने विचारून घेतलेला आकडा यंत्र संख्या न मानता मजकूर मानते. एका वाडीत ६० व दुसऱ्या वाडीत ४५ झाडे आहेत असे सांगून बेरीज मागितली, तर १०५ न येता ६० आणि ४५ हे मजकूर शेजारी शेजारी जोडले जाऊन ६०४५ असे उत्तर मिळते. त्यावर उपाय म्हणून विचारून घेतलेला मजकूर 'इंट' या शब्दाने संख्येत बदलून घ्यावा. या ठिकाणी देवनागरी आकडे टंकले तरी चालतात.

तिसऱ्या प्रकारची चूक सर्वांत घातक असते. तीत यंत्र तक्रार करीत नाही आणि उत्तरही पटण्यासारखे दिसते. समजा, जमिनीची तपासणी व झाडांचे वय पाहून प्रत्येक झाडास ५०० ग्रॅम नत्र देण्याचा सल्ला मिळाला आणि झाडे १०५ आहेत. एकूण नत्र ५२.५ किलो झाले. युरियात नत्राचे प्रमाण शेकडा ४६ असते. म्हणून ५२.५ ला ०.४६ ने भागले पाहिजे. युरिया सुमारे ११४ किलो, म्हणजे ४५ किलोच्या तीन गोणींत भागेल इतका लागतो. परंतु भागाकाराऐवजी गुणाकार लिहिला गेला, तर यंत्र २४.१५ किलो असे उत्तर निमूटपणे देते. नवख्यास त्यात काही वावगे दिसत नाही. एक गोणी आणली जाते, झाडांना गरजेच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतकेच नत्र मिळते आणि पुढे उत्पन्न घटले की दोष हवामानास दिला जातो.

एकट्याने न शिकण्याचे कारण

पहिल्या प्रकारची चूक भाषा जाणणारा कोणीही दुरुस्त करू शकतो. मग तो पुण्यास असो वा परदेशी. पायथन शिकणाऱ्यांना विनामूल्य साहाय्य करणाऱ्यांचा समुदाय जगभर पसरलेला आहे. भारतातील अशा मंडळींचा 'पायकॉन इंडिया' हा मेळावा २००९ मध्ये बेंगळुरू येथे प्रथम भरला आणि २०११ मध्ये तो पुण्यास झाला. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांच्या मार्गदर्शनाखाली उभा राहिलेला 'स्पोकन ट्युटोरियल' हा उपक्रम याच कामी उपयोगी आहे. त्यातील ध्वनिचित्रपाठ सुमारे दहा मिनिटांचे असून त्यांचे मराठीसह अनेक भारतीय भाषांत रूपांतर करण्यात आले आहे. पायथन हा त्यांतील एक विषय होय. पाठ थोडा पाहावा, थांबवावा, तेवढे स्वतः करून पाहावे आणि मग पुढे जावे, अशी त्याची पद्धत आहे.

परंतु तिसऱ्या प्रकारची चूक दूरच्या जाणकारास सहसा दिसत नाही, कारण १०५ झाडांना २४ किलो युरिया अपुरा आहे, हे त्याला ठाऊक नसते. प्रश्न विचारताच आज्ञावली लिहून देणारी जी यंत्रे अलीकडे निघाली आहेत, त्यांनाही समोरची वाडी दिसत नाही. ही चूक खत घालून हात मळलेला शेतकरी ओळखू शकतो, मग त्यास आज्ञावलीचे एक अक्षरही कळत नसले तरी हरकत नाही. म्हणून अभ्यासमंडळात भाषा जाणणाऱ्याइतकीच बागायत जाणणाऱ्याची गरज आहे. त्यास केवळ श्रोता म्हणून मागे बसवू नये.

वेंगुर्ल्यात ही गोष्ट पटवून देण्यास दूर जावे लागत नाही. येथे १९५७ मध्ये स्थापन झालेल्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या अनेक जाती दिल्या. त्यांपैकी वेंगुर्ले ४ ही १९८१ मध्ये व वेंगुर्ले ७ ही १९९७ मध्ये प्रसारित झाली. या जाती शेतकऱ्यांच्या बागांत पोहोचल्या त्या कलमांच्या रूपाने; आणि कलम बांधण्याची कला वाचून येत नाही. जाणत्याच्या शेजारी बसून, स्वतःच्या हाताने बांधून, न जगलेली कलमे पुन्हा पुन्हा पाहूनच ती येते. आज्ञावलीचा अभ्यासही याच जातीचा आहे. दुसऱ्याने लिहिलेली आज्ञावली उतरवून घेणे म्हणजे चांगल्या झाडाची काडी आणणे होय. ती जगावयाची तर खाली आपल्या समजुतीचा खुंट हवा.

अभ्यासमंडळ कसे चालवावे

तुळस, मठ, होडावडे, परुळे यांसारख्या गावांतून पाच-सहा जणांचे मंडळ सहज होऊ शकेल. त्यात महाविद्यालयात शिकणारा एखादा तरुण किंवा तरुणी, एक-दोन अनुभवी बागायतदार, शक्य तर रोपवाटिका चालविणारी व्यक्ती आणि गावपातळीवरील कार्यकर्ता असावा. संगणक एक असला तरी पुरतो. आठवड्यातून एकदा दीड-दोन तास बसावे व एका बैठकीस एकच हिशेब घ्यावा. पावसाळ्यात लावणी आटोपल्यावर मिळणारा वेळ या कामास सोयीचा आहे.

मदत मागताना पुढील नियम पाळावेत:

१. आज्ञावली जशीच्या तशी, मजकुराच्या रूपात दाखवावी. 'चालत नाही' एवढेच सांगितल्याने कोणासही काही करता येत नाही.

२. यंत्राने दिलेला संदेश शब्दशः द्यावा.

३. कोणते उत्तर अपेक्षित होते व कोणते आले, हे दोन्ही सांगावे.

४. आपण स्वतः काय करून पाहिले, ते सांगावे.

५. आज्ञावली मोठी असल्यास चूक जेथे दिसते तेवढाच भाग वेगळा काढून दाखवावा.

६. बाहेर मदत मागताना शेतकऱ्याचे नाव, आधार क्रमांक, बँकेचे खाते असा खाजगी तपशील काढून टाकावा.

७. उत्तर मिळाल्यावर चूक व उपाय मंडळाच्या वहीत मराठीत लिहून ठेवावा, म्हणजे मागून येणाऱ्यास त्याचा लाभ होईल.

मदत करणाऱ्यानेही एक पथ्य पाळणे अगत्याचे आहे. कलम शिकविणारा जाणता शिकणाऱ्याच्या हातातून चाकू काढून घेत नाही. त्याचप्रमाणे शिकविणाऱ्याने स्वतः टंकून मोकळे होऊ नये. कोणती ओळ पाहावी एवढे सांगावे व शिकणाऱ्यास ती दुरुस्त करू द्यावी. प्रश्न कितीही साधा असला तरी त्यास हसू नये. एकदा हसे झालेला प्रौढ विद्यार्थी पुन्हा प्रश्न विचारीत नाही, आणि न विचारलेली शंका पुढे खताच्या हिशेबात चूक होऊन बाहेर पडते.

उत्तराची पारख

कोणतीही आज्ञावली प्रत्यक्ष वापरात आणण्यापूर्वी तिची तीन प्रकारे पारख करावी. प्रथम, ज्याचे उत्तर तोंडी काढता येते असा लहान हिशेब तीस द्यावा. उदाहरणार्थ, १०० किलो युरियात ४६ किलो नत्र असते, म्हणून ४६ किलो नत्र सांगितल्यावर १०० किलो युरिया हेच उत्तर आले पाहिजे. या एका कसोटीने वर सांगितलेली गुणाकाराची चूक तात्काळ उघडी पडली असती. दुसरे, मागील वर्षाच्या वहीतील खरे आकडे घालून उत्तर जुळते का, ते पाहावे. तिसरे, उत्तर अनुभवी बागायतदारास मोठ्याने वाचून दाखवावे व त्याच्या होकाराशिवाय गोणी किंवा कलमे मागवू नयेत. खताची मात्रा ठरविण्याचे काम मात्र आज्ञावलीवर सोपवू नये. ती माती परीक्षण व तज्ज्ञांचा सल्ला यांवरूनच घ्यावी.

सारांश, यंत्र सांगितलेले तेवढेच करते. सांगितलेले योग्य आहे की नाही, हे त्यास कळत नाही. ते कळण्यासाठी भाषेचा जाणकार व मातीचा जाणकार एका बाकावर बसले पाहिजेत. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी येत्या हंगामापूर्वी आपल्या कार्यक्षेत्रात असे एक तरी मंडळ सुरू करावे आणि कलमांच्या हिशेबापासून आरंभ करावा.