फोर-बाय-फोरची दांडी सुटत असेल तर आधी हे वाचा



दिवाळीनंतर कारंजा आणि अमरजा जलाशयाचं पाणी मागं सरायला लागलं की काठावर नुसता काळा गाळ राहतो. कटला-रोहूचे क्रेट, बर्फ, जाळी, होडी सगळं जीपनं किंवा कॅम्परनं वर ओढायचं. त्यात बऱ्याच जुन्या गाड्यांची एकच तक्रार असते : लो गिअर टाकला, चढ लागला की दांडी आपोआप सुटते.

आधी धोका समजून घ्या. मोठ्या गिअरबॉक्सच्या मागं जो छोटा डबा असतो तो ट्रान्सफर केस. इंजिनची ताकद त्याच्यातूनच पुढच्या-मागच्या चाकांना जाते. लोमधून सुटून तो न्यूट्रलला आला की इंजिन आणि चाकांचा संबंधच तुटतो. मग मुख्य गिअर पहिल्यात असला तरी गाडी मागं घरंगळते, आणि मागं पाणी असतं, होडी ढकलणारी माणसं असतात. म्हणून उतारावर नुसत्या गिअरच्या भरवशावर गाडी सोडू नका. हँडब्रेक ओढा, चाकाखाली दगड लावा, मागं कुणालाही उभं करू नका.

काही जण दांडी सुटते म्हणून जाळ्याच्या दोरीनं बांधतात, नाहीतर पोराला धरून बसवतात. असं करू नका. आतला फोर्क सारखा दाबून राहतो, घासतो, तापतो, आणि शंभर-दोनशेत निघणारं काम डबा उघडण्यावर जातं.

तपासणी स्वस्तापासून सुरू करा. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, चारी चाकांना दगड. लो टाका आणि खाली वाकून बघा. दांडीपासून डब्यापर्यंतचं लिंकेज सोडून डब्यावरचा आर्म हातानं ढकला. तो अजून पुढं गेला, तर गिअर पूर्ण बसतच नव्हता. बुश झिजलाय, रॉड वाकलाय, किंवा दांडी फ्लोअरच्या पत्र्याला अडते. आमच्या मते निम्मं दुखणं इथंच सापडतं. मग इंजिन आणि गिअरबॉक्सच्या माउंटिंगचं रबर पहारीनं हलवून बघा. रबर फाटलं असेल तर जोर पडला की सगळा डबा हलतो आणि दांडी ओढली जाते. खड्ड्यात सुटत असेल तर रबरावर पहिला संशय घ्या.

हे सगळं ठीक असेल तर स्प्रिंग आणि गोळी बघा. गिअर जागेवर धरून ठेवायचं काम तीच करते. स्प्रिंग दमली की दांडी सैल लागते, 'टक' असा बसल्याचा आवाज येत नाही. अॅक्सिलरेटर सोडल्यावर किंवा उतरताना सुटत असेल तर मात्र बेअरिंगची ढिलाई, नाहीतर दात गोल झालेत असं समजा.

आपल्या लोकांनी ऑइलकडं जास्त लक्ष द्यावं. होडी उतरवायला गरम गाडी मागं पाण्यात घालतो. गरम डबा एकदम गार झाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, लगेच बदला. ब्रीदरला रबरी नळी लावून तोंड वर बॉनेटखाली आणून बांधा, फार खर्च नाही. काढलेल्या ऑइलमध्ये चुंबक फिरवा. बारीक राखेसारखा कीस चालतो, धातूचे तुकडे आले तर त्या डब्यावर गाडी पळवू नका, उघडून घ्या.

चारी टायर एका मापाचे ठेवा, आणि डांबरी लागलं की टू-व्हील करा. कोरड्या रस्त्यावर फोर-व्हीलमध्ये वळलं की पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकाला पिळतात, दांडी घट्ट अडकते. मग जोर करून ओढली की तोच फोर्क वाकतो. अशा वेळी थोडं सरळ रिव्हर्स घ्या, पीळ सुटतो, दांडी अलगद निघते.

मिस्त्रीकडं जाताना 'गिअर सुटतो' एवढंच सांगू नका. चढाला की उताराला, लोमध्ये की हायमध्ये, खड्ड्यात की सपाटीला, हे सांगितलं तर तो उगाच पूर्ण डबा खोलणार नाही.