नाण्यांवरील घोडे : संग्रह आणि अभ्यास

जुन्या नाण्यांचा छंद जडलेला मनुष्य जे मिळेल ते गोळा करीत राहिला, तर त्याच्याजवळ ढीग जमतो; त्याला संग्रह म्हणता येत नाही. संग्रहाला एखादे सूत्र लागते. कोणी एकाच राजवंशाची नाणी जमवितात, कोणी जहाजांची चित्रे असलेली, तर कोणी घोड्यांची. यांपैकी घोड्याचे सूत्र अभ्यासकाला विशेष उपयोगी पडते. भूमध्य समुद्रापासून गंगेच्या खोऱ्यापर्यंत अनेक टांकसाळींनी नाण्यांवर घोडा उमटविला आणि प्रत्येक वेळी त्यामागील हेतू वेगळा होता. तो हेतू कसा ओळखावा आणि ओळखण्याची साधने कशी जपावीत, याचा विचार येथे करावयाचा आहे.

पंखांच्या घोड्याचे सर्वांत प्रसिद्ध नाणे कॉरिंथ या ग्रीक नगराचे. उत्तर ग्रीस व पेलोपोनीज यांना जोडणाऱ्या अरुंद संयोगभूमीजवळ हे व्यापारी नगर वसले होते. इ. स. पू. सहाव्या शतकात त्याने चांदीचे 'स्टेटर' पाडण्यास सुरुवात केली. त्याचे वजन सुमारे ८.६ ग्रॅम असे. त्यावरील घोडा म्हणजे पेगासस. ग्रीक पुराणकथेनुसार तो मेड्यूसा राक्षसीच्या रक्तातून जन्मला; कॉरिंथमधील पायरीनी झऱ्यावर पाणी पीत असताना बेलेरोफॉन या वीराने त्याला पकडले. त्यासाठी लागणारा सोन्याचा लगाम अथीना देवीने दिला होता. नाण्याच्या दुसऱ्या बाजूस शिरस्त्राण घातलेली अथीना का आहे, याचा उलगडा या कथेतून होतो. ज्याप्रमाणे अथेन्सच्या नाण्यांना लोक 'घुबडे' म्हणत, त्याचप्रमाणे कॉरिंथच्या नाण्यांना 'शिंगरे' म्हणत.

या घोड्याच्या पोटाखाली एक लहानसे अक्षर असते. ते 'कोप्पा'. नगराचे नाव जुन्या वळणाने याच अक्षरापासून लिहीत. पुढे रोजच्या ग्रीक लेखनातून हे अक्षर गेले, पण नाण्यावर टिकून राहिले. ल्यूकास, अँब्रेशिया इत्यादी कॉरिंथच्या वसाहतींनीही तोच घोडा व तीच अथीना घेऊन नाणी पाडली. मात्र अक्षर आपापले घातले. म्हणून नवशिक्याने घोड्याच्या डौलावर भाळण्याआधी त्याच्या पोटाखाली पाहावे.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात येते. इ. स. पू. ३४४ मध्ये टिमोलिऑन हा सेनानी कॉरिंथहून सिसिलीतील सिराक्यूजच्या मदतीस गेला. त्यानंतरच्या काळात सिसिलीत पेगाससची नाणी मोठ्या संख्येने आली, हे तेथे सापडलेल्या साठ्यांवरून कळते. नाण्याच्या छापावरून ते कोठे पाडले एवढेच समजते. ते कोठवर फिरले, हे सापडण्याच्या जागेवरून समजते. ती जागा नोंदली गेली नाही, तर निम्मा इतिहास नाहीसा होतो.

मॅसिडोनियाच्या दुसऱ्या फिलिपचा घोडा वेगळ्या जातीचा. इ. स. पू. ३५६ मध्ये त्याच्या घोड्याने ऑलिंपिक शर्यत जिंकली आणि पुढे त्याच्या चांदीच्या नाण्यावर खजुराची फांदी घेतलेला घोडेस्वार आला. सोन्याच्या नाण्यावर दोन घोड्यांचा रथ आला. या रथाची नक्कल गॉल व ब्रिटनमधील केल्टिक टोळ्यांनी केली. नकलेवरून नक्कल होता होता रथ मोडला, स्वार हरवला आणि अखेर काही वक्र रेषा व ठिपके एवढाच घोडा उरला.

आता आपल्या देशाकडे वळू. समुद्रगुप्ताच्या सुवर्णमुद्रेवर यूपासमोर उभा असलेला यज्ञाचा घोडा आहे. मागील बाजूस चवरी घेतलेली राणी व 'अश्वमेधपराक्रमः' हा लेख आहे. येथे घोडा सार्वभौमत्वाची घोषणा करतो. हा यज्ञ महाराष्ट्रालाही परका नव्हता. नाणेघाटातील सातवाहनकालीन लेखात अश्वमेधाचा उल्लेख आहे.

गुप्तांच्या नाण्यांचा सर्वांत मोठा साठा १९४६ मध्ये राजस्थानात बयाना गावाजवळ सापडला. शासनाच्या हाती येण्यापूर्वी त्यातील काही नाणी वितळविली गेली. उरलेल्या १,८२१ नाण्यांची सूची कोल्हापूर जिल्ह्यातील म्हाकवे येथे जन्मलेले विद्वान डॉ. अनंत सदाशिव अळतेकर यांनी केली व ती १९५४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत दुसऱ्या चंद्रगुप्ताची ९८३ आणि पहिल्या कुमारगुप्ताची ६२८ नाणी होती. स्कंदगुप्ताचे म्हणून त्यांनी ओळखलेले नाणे मात्र एकच होते. हा साठा स्कंदगुप्ताच्या कारकिर्दीच्या प्रारंभी पुरला गेला असावा, हे अनुमान त्या एका नाण्यावर उभे आहे. तेवढे एकच नाणे सोनाराच्या मुशीत गेले असते, तर? सोन्याचा भाव काही ग्रॅमांचा; पण साठा कधी पुरला हे सांगणारा साक्षीदार कायमचा मुका झाला असता.

म्हणून संग्राहकाने काही पथ्ये पाळावीत. नाणे काठाला धरावे. चिंच, लिंबू किंवा राख लावून ते उजळू नये. त्याने अक्षरे झिजतात. प्रत्येक नाण्याचे वजन, व्यास, दोन्ही बाजूंचे वर्णन आणि ते कोठून आले याची नोंद त्याच दिवशी करावी. साच्यात ओतलेल्या बनावट नाण्याच्या काठावर बहुधा सांध्याची रेघ व पृष्ठावर बारीक छिद्रे दिसतात. वजनही अनेकदा जुळत नाही. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडल्यास १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यास कळवावे लागते. तसेच १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांपूर्वीची नाणी खाजगी व्यक्तीस देशाबाहेर पाठविता येत नाहीत.

विद्यार्थ्याच्या खिशाला सुवर्णमुद्रा परवडणारी नाही, हे खरे. परंतु छायाचित्रे, पुस्तकांतील पट्टे आणि वस्तुसंग्रहालयातील नाण्यांचे दालन त्याला मोकळे आहे. एका वहीत घोड्यांची नाणी देशवार व कालवार मांडून, प्रत्येकापुढे 'हा घोडा येथे का?' या प्रश्नाचे उत्तर लिहीत गेल्यास एकही नाणे विकत न घेता उत्तम संग्रह तयार होईल. घरात एखादे जुने नाणे असलेच, तर त्याची हकीकत आजी-आजोबांना आजच विचारून ठेवावी. ती कोणत्याही बाजारात विकत मिळत नाही.