आजी लोईस, आई युनीके आणि आपल्या घरातील विश्वास

शास्त्रपाठ : २ तीमथ्य १:१–७, ३:१४–१५. प्रेषितांची कृत्ये १६:१–५.
मुख्य विचार : विश्वास निष्कपट असेल तर त्याचे स्मरणही निष्कपट असावे.



मंडळीतील एखादी वृद्ध माता प्रभूमध्ये निजली म्हणजे तिच्या स्मरणार्थ उपासना करण्याची आपली रीत आहे, व ती उत्तम आहे. परंतु काही वर्षांपूर्वी शहाद्याजवळील एका गावी अशी उपासना चालविल्यानंतर प्रस्तुत लेखकास जो धडा मिळाला तो सांगितल्यावाचून राहवत नाही. निवर्तलेल्या आजीबाई प्रार्थनाशील होत्या, प्रेमळ होत्या, पाहुण्यांचा आदर करीत, इत्यादी मी बोललो. उपासना संपल्यावर त्यांच्या शेजारची एक म्हातारी जवळ येऊन म्हणाली, "पाळकसाहेब, तुम्ही बोललात ते सगळे चांगले, पण ते कोणत्याही बाईविषयी चालले असते. आमची बाई त्यात कुठे होती?" मजजवळ उत्तर नव्हते. त्या रात्री मी तीमथ्याचे दुसरे पत्र पुन्हा उघडले.

१. विश्वास घरात वसतो

हे पत्र पौलाने तुरुंगातून, आपला अंत जवळ आला आहे हे जाणून लिहिले. अशा वेळी त्याला तीमथ्याचे अश्रू आठवतात व त्याच्या घरातील दोन स्त्रिया आठवतात. मूळ ग्रीक नव्या करारात 'आजी' या अर्थाचा शब्द सबंध ग्रंथात याच एका ठिकाणी आला आहे. तसेच विश्वास त्या दोघींच्या ठायी 'वसला' असे जे म्हटले आहे, त्या क्रियापदाच्या मुळाशी 'घर' हाच शब्द आहे. विश्वास त्यांच्याकडे सणावाराला येणारा पाहुणा नव्हता. तो घरचाच झाला होता.

हे सोपे नव्हते. तीमथ्याचा बाप ग्रीक होता. लुस्त्र नगरात यहूद्यांचे सभास्थान असल्याचा उल्लेख प्रेषितांच्या कृत्यांत नाही; उलट त्याच नगरात पौलाला दगडमार झाल्याचे आपण वाचतो (१४:१९). तेव्हा मुलाला पवित्र शास्त्र शिकविण्याचे काम त्या घरात आईच्या व आजीच्याच माथी आले. तीमथ्याला शास्त्राची ओळख बालपणापासून होती असे पौल म्हणतो. तेथे योजलेला शब्द तान्ह्या बालकाचा आहे. गव्हाणीत निजलेल्या प्रभूविषयी लूकाने तोच शब्द वापरला आहे. अर्थात हे शिक्षण पाटीपेन्सिलीने नव्हे, तर मांडीवरच सुरू झाले.

२. निष्कपट विश्वास

पौल या विश्वासाला 'निष्कपट' म्हणतो. मूळ शब्दाचा संबंध नाटकातील नटाशी आहे. ज्यात सोंग नाही तो निष्कपट. मग आपण आपल्या मातांचे स्मरण करताना त्यांना मुखवटा का चढवावा?

येथे आपल्याच महाराष्ट्रातील एका मातेचे उदाहरण घेऊ. लक्ष्मीबाई टिळक यांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर येथे एका कर्मठ ब्राह्मण घराण्यात झाला. लहानपणीच लग्न झाले. अक्षरे शिकल्या त्या सासरी, पतीकडून. तेच पती, नारायण वामन टिळक, यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्या सोवळे पाळीत. पुढे जातिभेद देवाने केलेला नाही, अशी स्वतःच्या मनाची खात्री पटली तेव्हाच त्यांनी तो टाकला, व १९०० साली बाप्तिस्मा घेतला.

टिळक १९१९ साली निवर्तले. त्यांचे 'ख्रिस्तायन' काव्य अपुरे राहिले होते. त्याचा फार मोठा भाग या माउलीने रचला. त्यांच्या 'स्मृतिचित्रे' ग्रंथाचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला, आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. या ग्रंथात त्यांनी स्वतःचा हट्ट लपविला नाही, पतीचा तापट स्वभाव लपविला नाही, घरातील भांडणे व दारिद्र्यही लपविले नाही. म्हणूनच त्यांचा विश्वास वाचकाला खरा वाटतो. पुत्र देवदत्त यांनी आईच्या आठवणींचे मोल ओळखले, व नातू अशोक यांनी पुढे या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. आजीचे स्मरण नातवाने जपले ते असे.

३. आपल्या घरांचे काम

दिवाळी झाली की आपल्या भागातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात, व मुले आजीपाशी राहतात. पुष्कळ आजींना वाचता येत नाही. पण चुलीपाशी बसून त्या हरवलेल्या मेंढराची गोष्ट भिलोरीत किंवा पावरीत सांगतात. शब्बाथशाळेचा शिक्षक आठवड्यातून एक तास भेटतो. आजी रोज भेटते. तिच्या मुखातील साक्ष तिच्याबरोबर मातीत गेली, तर मंडळीची किती मोठी हानी आहे!

त्या शेजारच्या म्हातारीकडे मी दुसऱ्या दिवशी गेलो. ती म्हणाली, "बांधावरून आमचे भांडण झाले. दोन वर्षे बोलणे नव्हते. मग प्रभुभोजनाच्या आदल्या रात्री ती कंदील घेऊन आली आणि म्हणाली, चूक माझी होती. तुझ्याशी समेट केल्याशिवाय उद्या मी भाकरीला हात लावणार नाही." मग डोळे पुसून ती म्हणाली, "हे सांगायला पाहिजे होते." खरोखर, हेच सांगायला पाहिजे होते! मी त्या आजीबाईंचे दोष झाकावयास गेलो, आणि त्याबरोबर प्रभूची कृपाही झाकून टाकली.

तथापि एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विश्वास शेताप्रमाणे वारसाने नावावर चढत नाही. आजीचे व आईचे स्मरण करून देताच पौल तीमथ्याला सांगतो की, तुझ्यातील कृपादान प्रज्वलित कर. पहाटे आजी राखेखालचा निखारा उघडा करून फुंकणीने फुंकते, तेव्हा चूल पेटते. निखारा तिने रात्रभर राखला खरा. पण आज फुंकर आपणच घातली पाहिजे.

विचारासाठी प्रश्न

१. आपल्या आईने किंवा आजीने ख्रिस्ताविषयी प्रथम कोणाकडून ऐकले? त्यासाठी तिला काय सोडावे लागले?
२. तिने कोणाची क्षमा मागितली, किंवा कोणाला क्षमा केली?
३. ती हयात असेल तर हे प्रश्न या आठवड्यात तिलाच विचारावे, व घरातील वाचत्या मुलाने उत्तरे वहीत लिहून ठेवावी.

प्रार्थना : हे प्रभो, ज्या मातांनी आम्हांला तुझे नाव शिकविले त्यांच्याबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो. त्यांची आठवण सत्याने करण्यास व त्यांचा निखारा विझू न देण्यास आम्हांला साहाय्य कर. आमेन.